शीरखुर्म्यातला बेदाणा

बेदाणा हा शब्द फारसी: बे-दाना, बी नसलेला. थॉमसन सीडलेस ही जातही पश्चिम आशियातलीच. कॅलिफोर्नियात तिला हे नाव मिळालं आणि ती आपल्याकडे रुजली.

कवठे महांकाळ हा दुष्काळी तालुका. इथं बागा टँकरवर, कर्ज काढून जगवल्या गेल्या. पुढं म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आणलं. त्याच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार घेतं, १९ टक्के शेतकरी. म्हणजे ईदच्या वाटीत थोडा पैसा सगळ्याच करदात्यांचा.

चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. शेडवर पंधरवडाभर सुकताना अवकाळी पाऊस आला, की हिरवा माल काळपट पडतो आणि दर कोसळतो.

खरी मेख पुढं आहे. बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१६ला जुलैत होती, २०२५ला मार्चअखेर. मधला काळ कोल्ड स्टोअरेज भरून काढतं. पण भाडं आणि व्याज सोसून भाव चढेपर्यंत थांबणार कोण? बहुधा व्यापारी. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेला बागायतदार तासगाव-सांगलीच्या सौद्यात हंगामातच माल सोडतो, आणि पैसे हातात पडायची वाट बघत बसतो.