चष्म्याच्या कांचेवरील लेप

मुलाच्या नव्या चष्म्याची कांच ठरविण्याची वेळ आली म्हणजे दुकानदार “कोटिंग कोणतें घालूं?” असें विचारतो, आणि चांगले शिकलेसवरलेले आईबापहि घुटमळतात, मग महाग तें चांगलें असें समजून मोकळे होतात. वस्तुतः हे लेप एका काळीं वा एका हेतूनें निघालेले नाहींत. त्यांचा इतिहास ध्यानीं घेतल्यास निवड पुष्कळ सोपी होते.

साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा सुमारें ४ प्रकाश परततो. दोन्ही बाजू मिळून ८ वायां जातो. ही हानि टाळण्याचा मार्ग प्रथम जुन्या कांचांनींच दाखविला. काळानें पृष्ठभाग विटलेली कांच नव्या कांचेहून अधिक प्रकाश पार जाऊं देते, असें लॉर्ड रेले यांना १८८६ सालीं आढळलें. पुढें इंग्लंडांतील डेनिस टेलर यांनीं भिंगें मुद्दाम विटविण्याच्या कृतीचें १९०४ सालीं पेटंट घेतलें. पण सर्व भिंगें सारखीं विटेनात. १९३५ सालीं जर्मनींतील झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं निर्वात पात्रांत वाफेच्या रूपानें लेप चढविला, व ती युक्ति लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १९३८ सालीं अमेरिकेंत कॅथरिन ब्लॉजेट यांनीं रेणूंचे ४४ थर एकावर एक चढवून जवळजवळ अदृश्य कांच करून दाखविली. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असली, कीं त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांचा लोप करतात, हें त्यांतील मर्म. मात्र ब्लॉजेटबाईंचा लेप सहज पुसला जाई! सदऱ्याच्या टोकानें चष्मा पुसणाऱ्या पोरापुढें त्याचा काय पाड?

टिकाऊपणाची गोष्ट निराळ्या वाटेनें आली. फुटक्या कांचेनें डोळ्यास इजा होऊं नये म्हणून अमेरिकन सरकारनें १९७२ पासून चष्म्याच्या भिंगांस आघात सोसण्याची कसोटी लावली. १९५३ सालीं शोधलेलें पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाहीं, म्हणून मुलांच्या चष्म्यांत तें पुढें रूढ झालें. पण तें मऊ, चटकन् ओरखडणारें. तेव्हां मुलासाठीं पहिला खर्च करावा तो कठीण लेपाचा, दुकानांतल्या ‘हार्ड कोट’चा. परावर्तन थांबविणारा लेप त्यानंतर. तो निरुपयोगी मुळींच नव्हे, कारण पॉलिकार्बोनेट साध्या कांचेहूनहि अधिक चमकतें. पण त्यावर बोटांचे ठसे फार दिसतात, आणि कोरड्या फडक्यानें घासल्यास त्यावरील धूळच त्याला ओरबाडते. आधीं पाण्यानें धुवावें, मग पुसावें, एवढें मुलास शिकवावें लागतें.

अतिनील किरणांसाठीं पॉलिकार्बोनेटवर निराळे पैसे मोजणें व्यर्थ. तें प्लॅस्टिक स्वभावतःच ते किरण अडवितें. राहिला सध्यां फार खपणारा ‘ब्लू कट’. प्रौढांवरील १७ प्रयोगांचा एक आढावा २०२३ सालीं प्रसिद्ध झाला; अशा भिंगांनीं पडद्यापुढें काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण अल्पावधींत कमी होतो, असें त्यांत दिसलें नाहीं. त्या प्रयोगांत मुलें नव्हतीं; दुकानांतील जाहिरातींत मात्र हंसरीं मुलेंच असतात.