हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची शुश्रूषा

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी झाल्यामुळे शरीराच्या गरजेइतका रक्तपुरवठा होऊ न शकणे, या अवस्थेस हार्ट फेल्युअर असे म्हणतात. या अवस्थेत हृदय बंद पडत नाही. ते अपुरे काम करीत राहते. त्यामुळे फुफ्फुसांत, पायांत आणि पोटात पाणी साठू लागते. हृदयविकाराचा झटका, दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला उच्च रक्तदाब, झडपांचे विकार आणि हृदयाच्या स्नायूंचे आजार ही त्याची प्रमुख कारणे आहेत. भारतात संधिवातजन्य हृदयविकारामुळेही अनेकांना तुलनेने कमी वयात हा आजार जडतो.

देशातील ५३ रुग्णालयांमधील १० हजार ८५१ रुग्णांची माहिती २०१९ आणि २०२० या काळात राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणी उपक्रमात संकलित करण्यात आली. रुग्णालयात दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत त्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांचा मृत्यू झाल्याचे त्यातून दिसून आले. म्हणजेच रुग्णालयातून घरी जाणे हा उपचारांचा शेवट नसतो. नंतरच्या काही आठवड्यांत रुग्णाची प्रकृती कशी राहील, हे बऱ्याच अंशी शुश्रूषेवर आणि परिचारिकेने कुटुंबास दिलेल्या शिकवणीवर अवलंबून असते.

निरीक्षण

रुग्ण दाखल होताच नाडी, रक्तदाब, श्वासाची गती आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद केली जाते. धाप लागलेल्या रुग्णास आडवे न झोपवता पाठीशी आधार देऊन बसते ठेवावे. त्यामुळे श्वास घेणे सुलभ होते. प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वैद्यकीय सल्ल्यानुसार प्राणवायू दिला जातो.

रात्री झोपताना किती उशा लागतात, धाप लागून मध्यरात्री जाग येते काय, हे साधे प्रश्न आजाराची तीव्रता सांगून जातात. नडगीवर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहिल्यास सूज असल्याचे समजावे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही सूज पायांऐवजी कमरेच्या खालच्या भागात आढळते, त्यामुळे ती नजरेतून सुटण्याची शक्यता असते. सुजलेली त्वचा नाजूक असल्याने दर दोन तासांनी कूस बदलणे आवश्यक ठरते. शौचाच्या वेळी कुंथावे लागू नये, याचीही काळजी घेतली जाते.

वजनाचा काटा

या आजारात वजनाचा काटा हे अत्यंत उपयुक्त साधन आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. त्यामुळे शरीरात साठणारे पाणी सूज दिसण्यापूर्वीच वजनातून प्रकट होते. दररोज सकाळी, लघवी व शौच झाल्यावर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर आणि सारख्याच कपड्यांत वजन करून ते वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांशी तातडीने संपर्क साधणे आवश्यक असते. रुग्णालयात याच्या जोडीला दिवसभरात घेतलेले द्रव पदार्थ आणि झालेली लघवी यांचा हिशेब ठेवला जातो.

औषधे देताना

फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे शक्यतो सकाळी दिली जातात. दुसरी मात्रा असल्यास ती दुपारी द्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. या औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम व सोडियम कमी होऊ शकते, म्हणून रक्ततपासणीच्या अहवालाकडे लक्ष ठेवावे लागते. डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजले जातात. ते ६० पेक्षा कमी असल्यास औषध न देता डॉक्टरांना कळवले जाते. रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांमुळे उभे राहताना चक्कर येऊ शकते. त्यामुळे रुग्णाने आधी पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसावे आणि मगच उठावे.

बरे वाटू लागताच औषधे थांबवणे ही वारंवार होणारी चूक धोकादायक ठरते. गुडघेदुखी किंवा अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे शरीरात पाणी साठून आजार बळावतो.

आहार

मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे एक सपाट चमचा, याहून कमी असावे. पानात वरून मीठ न घेणे एवढेच पुरेसे नाही. पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली मासळी आणि बेकरीचे पदार्थ यांतूनही मीठ पोटात जाते. सैंधव हेही मीठच होय. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे सुरू असताना असे मीठ किंवा शहाळ्याचे पाणी सल्ल्याविना घेऊ नये. पाण्यावर मर्यादा घातलेली असल्यास चहा, ताक आणि आमटी यांचाही त्यात समावेश होतो.

घरी जाण्यापूर्वी

केवळ सूचनांचा कागद हाती देणे पुरेसे नसते. वजन केव्हा करायचे, कोणती गोळी कशासाठी आहे आणि कोणत्या लक्षणांवर रुग्णालय गाठायचे, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच ते समजले असे मानावे. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते आणि जी औषधे देते, त्या दोघांनाही या वेळी बोलावून घेणे हितावह असते.

धाप वाढणे, सपाट झोपता न येणे, पायांची सूज वाढणे, थोड्याशा श्रमाने थकवा येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा बसल्या जागी दम लागणे अशा प्रसंगी विलंब न लावता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र रोजचे वजन आणि त्याची नोंद नियमित राहिल्यास अनेकदा ही वेळ येण्यापूर्वीच उपचारांत बदल करणे शक्य होते.