चाळीस टक्के रंग

स्मरणिकेसाठी जमलेले जुने फोटो नीट करायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. "तू कॉम्प्युटरवाली, तुला काय अवघड!" बहुतेक फोटो लालसर पडले होते. त्या काळच्या बऱ्याच फोटोपेपरवरचं निळसर रंगद्रव्य अल्बममध्ये ठेवूनही आधी विरतं, त्यामुळे लाली उरते. मी ठरवलं, सगळे कृष्णधवल करून टाकू. पायथॉनमध्ये दहा ओळी लिहिल्या: प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे घ्या, बेरीज करा, तीनने भागा.

नववीच्या क्रीडादिनाचा फोटो आठवतो? रिलेआधी लाल, हिरव्या आणि निळ्या गटाच्या तिघी तिरके पट्टे घालून उभ्या आहेत. माझ्या प्रोग्रॅमने तिन्ही पट्टे जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे केले. गणित सरळ आहे. शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा, कुठलाही घ्या, 255 भागिले 3 म्हणजे 85. कोण कुठल्या गटात, काही कळेना.

चूक सरासरीची होती. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत मंद. 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोघांनी मिळून अवघ्या 17 माणसांच्या डोळ्यांवर रंग जुळवण्याचे प्रयोग केले. त्यांच्या आधारावर 1931 साली रंगमापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. पुढे अमेरिकेत रंगीत टीव्ही आणताना प्रश्न आला, घरोघरी असलेल्या कृष्णधवल संचांचं काय? 1953 मध्ये मंजूर झालेल्या पद्धतीत उजळपणाचा संदेश वेगळा ठेवला गेला: लालचे 0.299, हिरव्याचे 0.587, निळ्याचे 0.114 भाग. जुना संच एवढंच वाचायचा, नवा संच त्यावर रंग चढवायचा.

आपल्याकडे दूरदर्शन 1982 मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंगीत झालं. आपली पद्धत पाल, पण उजळपणाचं प्रमाण हेच. आमच्या घरी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं कृष्णधवल संचच होता. रविवारी शेजारपाजारचे सगळे त्याच्यासमोर बसायचे. प्रक्षेपण रंगीत असूनही आम्हाला चित्र स्वच्छ दिसायचं, ते या तीन आकड्यांमुळे. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

तेच आकडे वापरले तेव्हा शुद्ध लालचे 76, हिरव्याचे 150, निळ्याचे 29 झाले. पट्टे वेगळे दिसू लागले. तरी मन भरेना. हिरव्या पट्ट्यातली आपली मैत्रीण आज आपल्यात नाही. तिची आई मेळाव्याला येणार आहे. त्यांच्या हाती लेकीचा राखाडी पट्टा द्यायचा?

उपाय 1993 सालचा निघाला. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या पॉल हेबर्ली यांनी रंगांवरच्या अशा क्रिया आकड्यांच्या कोष्टकात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडून दाखवल्या होत्या. रंग कमीजास्त करण्यामागचं तत्त्व एका ओळीचं आहे: आधी राखाडी काढा, मूळ रंग त्यापासून किती दूर आहे ते पाहा आणि त्या अंतराचा हवा तेवढा भाग राखाडीत परत मिळवा. भाग 1 ठेवला तर मूळ फोटो, 0 ठेवला तर पूर्ण कृष्णधवल. मी 0.4 ठेवला. लालीचा भडकपणा उतरला, आणि पट्टे लाल, हिरवे, निळे राहिले.

म्हणून या स्मरणिकेतले फोटो थोडे फिके वाटतील. छपाईचा दोष समजू नका. आणि क्रीडादिनाच्या पानावर मधली मुलगी पाहा. तिचा पट्टा हिरवाच आहे.