‘सम्राट अशोक’चा अपघात : दोष कोणाचा?

अंधाऱ्या रात्रीं आमच्या मुरबे गांवच्या किनाऱ्यावर उभें राहून जो पश्चिमेकडे पाहील, त्याला आभाळ कोठें संपतें व समुद्र कोठें सुरू होतो हें सांगतां यावयाचें नाहीं. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं मुंबईहून दुबईस निघालेल्या ‘सम्राट अशोक’ विमानाच्या चालकांपुढें हाच काळोख होता. एअर इंडियाचें हें पहिलें बोइंग ७४७. उड्डाणाला दोन मिनिटें होतात न होतात तोंच तें वांद्र्यासमोर समुद्रांत कोसळलें. १९० उतारू व २३ कर्मचारी, सर्व २१३ माणसें गेलीं.

घडलें तें असें. विमान कोणत्या बाजूस किती कललें आहे हें दाखविणारें एक यंत्र कप्तानापुढें असतें. उजवें वळण घेऊन विमान सरळ झालें, तरी तें यंत्र उजवा कलच दाखवीत राहिलें. तो कल मोडण्यासाठीं कप्तानानें विमान डावीकडे झुकविलें, आणखी झुकविलें. सहकाऱ्यापुढें दुसरें यंत्र होतें, राखीव तिसरेंहि होतें, व अभियंत्यानें त्याकडे लक्ष वेधण्याचा यत्न केला. परंतु खिडकीबाहेर क्षितिज नव्हतें आणि वेळ तर उरलाच नव्हता.

बिघडलेल्या यंत्रामुळें कप्तानास विमानाच्या स्थितीचें भान राहिलें नाहीं व इतर यंत्रांच्या आधारें विमान सावरलें गेलें नाहीं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तो खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. पण मेलेला मनुष्य उत्तर देत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें! यंत्र बिघडलेंच नसतें तर कप्तानाच्या चुकीला जागाच कोठें होती?

१९२९ च्या वॉर्सा करारानें वाहतूक कंपनीवर भरपाईचा भार टाकला, मात्र तिला मर्यादा घातली. कारखानदार त्या कराराच्या बाहेर राहिला. म्हणून मृतांचे वारस अमेरिकेंतील न्यायालयांत गेले. दावा बोइंगवर होता, यंत्र बनविणाऱ्या लिअर सीग्लरवर होता, व रॉकवेलच्या कॉलिन्स रेडिओ शाखेवरहि होता. १ नोव्हेंबर १९८५ रोजीं न्यायमूर्ति जेम्स फिट्झजेराल्ड यांनीं १३९ पानांचा निकाल देऊन हयगयीचा आरोप फेटाळला. १९८६ सालीं दावा निकालांत निघाला. आमच्याकडे होडीची फळी सुटली तर ती बसविणारा सुतार दुसऱ्या दिवशीं बंदरावर भेटतो. येथें वारसांना सातासमुद्रापलीकडे जाऊन, ज्याची विद्या कारखान्यालाच ठाऊक अशा यंत्राविषयीं पुरावा द्यावा लागला.

१९९९ च्या माँट्रियल करारांत हें ओझें बरेंच हललें. ठराविक रकमेपर्यंत कंपनीला सुटका नाहीं. तिच्यावरील रक्कम टाळावयाची तर आपली हयगय नव्हती, किंवा दोष सर्वस्वीं दुसऱ्याचा होता, हें तिनेंच सिद्ध करावयाचें. कारखानदाराकडून पैसे परत मागण्याचा तिचा हक्क राखून ठेवला आहे. भारत त्या करारांत २००९ सालीं सामील झाला. ‘सम्राट अशोक’च्या वारसांना त्याचा उपयोग नव्हता, त्यांचा दावा निकालांत निघून तेव्हां तेवीस वर्षें झालीं होतीं.