मोडतोड झालेला प्रोसेसर : तपासणी

संगणकाचा प्रोसेसर हातातून पडला, सॉकेटमध्ये तिरका दाबला गेला किंवा कूलर काढताना त्याच्यासोबत उपटून आला, तर तो अजून चालतो का आणि चालत असल्यास पूर्ण चालतो का, हे ठरवण्याची पद्धत. यातला दुसरा प्रश्न बहुधा विसरला जातो. पडद्यावर ‘डिस्प्ले आला’ की प्रोसेसर शाबूत, असे दुरुस्तीच्या टेबलावर सर्रास धरून चालतात. प्रत्यक्षात एका मेमरी चॅनेलला मुकलेला प्रोसेसरही डिस्प्ले देतो.

इजा कुठे होते हे बांधणीवर अवलंबून असते. एएमडीचे सॉकेट ए वरचे ॲथलॉन आणि इंटेलचे कॉपरमाइन जातीचे पेंटियम ३ यांची सिलिकॉनची डाय उघडी असे. कूलरची घट्ट क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवताना डायच्या कोपऱ्याचा टवका उडे. टवका अगदी काठाचा असेल तर प्रोसेसर अनेकदा तगे, कारण तिथे मंडले नसतात. आत शिरलेला टवका किंवा तडा मात्र प्राणघातक. पुढे डायवर धातूचे झाकण आले आणि हा प्रकार डेस्कटॉपपुरता जवळपास संपला.

पिनांची कथा वेगळी. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणून पिना प्रोसेसरवरून काढल्या आणि मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसवल्या. एएमडीच्या सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरवर त्या २०२२ मधल्या एएम ५ पर्यंत टिकल्या. एएम ४ जातीच्या प्रोसेसरवर त्या १,३३१ असतात. त्यामुळे एएमडीचा एएम ४ वरचा जुना रायझन पडला तर त्याच्याच पिना वाकतात. इंटेलच्या बाबतीत पुष्कळदा सॉकेटमधली पिन वाकलेली असते आणि निर्दोष प्रोसेसरवर खापर फुटते. म्हणून सॉकेट आधी पाहावे.

पाहणी भिंगाखाली, तिरप्या उजेडात करतात. प्रोसेसर फिरवत आडव्या-उभ्या दोन्ही रांगा नजरेच्या रेषेत आणल्या की वाकलेली पिन लगेच उठून दिसते. ती सरळ करायला यांत्रिक पेन्सिलीचे रिकामे टोक किंवा रांगांमधून सरकणारे पातळ प्लास्टिक कार्ड पुरते. पेन्सिलीतले शिसे आधी काढायचे, कारण ग्राफाइट वीज वाहून नेते. २००० च्या सुमारास एएमडीच्या ॲथलॉन-ड्युरॉनवरचे तुटक ‘पूल’ साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडत आणि हौशी मंडळी त्यांचा मल्टिप्लायर मोकळा करत, ते याच गुणाच्या बळावर. पिन एका दमात सरळ करू नये आणि पुन्हापुन्हा मागेपुढेही करू नये. धातू थकतो आणि पिन मुळाशी तुटते.

तुटलीच, तर कुठली तुटली याला महत्त्व. शेकडो पिना फक्त वीजपुरवठा आणि ग्राउंड यांसाठी असतात. त्यांतली एखादी गेली तर सहसा काही बिघडत नाही. मेमरीच्या ओळीतली गेली तर त्या चॅनेलचे स्लॉट मुके होतात, पीसीआय एक्स्प्रेसची गेली तर ग्राफिक्स कार्ड कमी लेनवर चालते. क्लॉक किंवा रिसेटची गेली तर यंत्र उठतच नाही. प्रोसेसरच्या पाटीवरचा एखादा बारीक कपॅसिटर खरवडून निघाला असेल, तर प्रोसेसर सुरू होतो खरा, पण भार वाढला की अडखळू शकतो.

मल्टिमीटरवर फार भिस्त ठेवू नये. कोअरच्या पुरवठ्याची वाट आणि ग्राउंड यांमधला रोध निरोगी प्रोसेसरमध्येही फार कमी असतो. बझर वाजला म्हणून शॉर्ट आहे असे होत नाही. त्याच मॉडेलचा चांगला नग शेजारी असेल तरच तुलनेला अर्थ.

वीज देताना बोर्ड चालता पण स्वस्तातला घ्यावा, कारण शॉर्ट झालेला प्रोसेसर त्याची व्होल्टेज मंडले जाळू शकतो. एक रॅम, पॉवर सप्लाय आणि कूलर एवढेच जोडतात. कूलर मिनिटभराच्या चाचणीलाही हवाच. काळा पडदा दिसला की घाई करू नये: बोर्डाच्या जुन्या बायोसला तो प्रोसेसर ठाऊक नसेल, किंवा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल किंवा एएम ४ वरचे बहुतेक बिन-‘जी’ रायझन असतील, तर वेगळे कार्ड लावल्याशिवाय चित्र येत नाही. असे कित्येक ‘मेलेले’ नग मुळात जिवंत असतात.

बायोसमध्ये नाव, कोअरची संख्या आणि तापमान जुळले की तीच रॅम आळीपाळीने प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघतात, मग मेमरी तपासणारे मेमटेस्ट८६, शेवटी काही तास प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे प्राइम९५ चालवतात. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये हार्डवेअरच्या चुका नोंदल्या जातात, त्या चाळाव्यात. तरीही भाराखाली गोठणे म्हणजे इजाच असे नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने मान्य केले की स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५ सारख्या अवघड कामात गोठू शकतात. तो रचनेतला दोष होता आणि बायोस अद्ययावत करून निवारला गेला. म्हणून त्याच बोर्डावर दुसरा प्रोसेसर आणि दुसऱ्या बोर्डावर हाच प्रोसेसर, अशी अदलाबदल केल्यावरच निकाल द्यावा.

वाकलेल्या किंवा तुटलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत. त्यामुळे एक चॅनेल गमावलेला प्रोसेसर टाकून न देता एकाच रॅमवर चालणाऱ्या, बिलिंग किंवा टायपिंगच्या यंत्रात बसवतात.