घरगुती मैफल म्हणजे नेमकं काय? पुण्याच्या पेठांतली बैठक का सुरू झाली आणि आता परत का येतेय?

आवडत्या गायिकेचं गाणं शेवटचं कुठे ऐकलं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर मोठा मंडप, पन्नासावी रांग आणि स्टेजशेजारचा एलईडी पडदा असं असतं. घरगुती मैफलीत तीच गायिका चार हातांवर बसलेली असते. तंबोऱ्याची तार छेडणारं बोट दिसतं आणि तान घेण्याआधीचा श्वासही ऐकू येतो. तीस-चाळीस श्रोते, सतरंजीवर पांढरी चादर, मागे लोड. माइक नसतो, असला तरी नावापुरता.

या प्रकाराला आता 'हाउस कॉन्सर्ट' म्हणतात. २००९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'सोफार साउंड्स'मुळे अनोळखी घरात, मोजक्या लोकांसमोर गाणं ही कल्पना जगभर पोहोचली. पुण्यात मात्र ती बैठक या नावाने कितीतरी आधीपासून होती.

वाड्याची रचनाच गाण्याला सोयीची

जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर दिवाणखाना असायचा. लाकडी तक्तपोशी, जाड भिंती, खाली अंथरलेली जाजमं. आवाज घुमत नाही आणि विरतही नाही. कलाकार लांब भिंतीच्या मध्यावर बसायचा, समोर जाणकार, ओसरीवर उरलेले. बायका बहुतेक वेळा आतल्या खोलीतून ऐकायच्या. बुधवार पेठेला लागून असलेल्या कसबा पेठेत सरदार आबासाहेब मुजुमदारांचा वाडा अशा गाण्यासाठी प्रसिद्ध होता. आबासाहेब स्वतः संगीताचे अभ्यासक होते आणि त्यांच्या घरच्या गणेशोत्सवात नामवंतांची गाणी होत. तिकीट नसे. कलाकाराची बिदागी यजमान देई आणि कोणाला बोलवायचं हेही तोच ठरवी. म्हणजे गाणं फुकट, पण दार सगळ्यांना उघडं नाही.

दुसरा दिवाणखाना, ज्याबद्दल कमी बोललं जातं

बुधवार पेठ म्हटलं की आज दगडूशेठ गणपती, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं आणि दबक्या आवाजात देहविक्रीची वस्ती आठवते. या वस्तीच्या आधीचा एक धागा गाण्याचा आहे. बुधवार-शुक्रवार पेठांच्या परिसरातल्या बावनखणीत कलावंतिणी राहत. त्यांच्या माडीवरची मैफल हीसुद्धा घरगुती मैफलच होती. फक्त घर गाणारीचं आणि पाहुणा ऐकणारा. बैठकीची लावणी अशाच वातावरणात वाढली. ही लावणी बसून, एकाच ओळीचे वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणि हातांवर दाखवत गायली जाते. पाच हजारांच्या मैदानात तिचं निम्मं काम दिसतच नाही. यमुनाबाई वाईकरांनी ही कला टिकवली. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण या जवळिकीची किंमत गाणाऱ्या बाईलाच मोजावी लागली. माडीवर गाते म्हणजे तिची प्रतिष्ठा शंकास्पद, हा शिक्का कलेवरही बसला. म्हणूनच हिराबाई बडोदेकरांचं पाऊल मोठं ठरतं. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या या मुलीने १९२०च्या दशकात तिकीट लावून, रंगमंचावर बसून जाहीर मैफली केल्या. तिकीट काढणारा कोणीही येऊ शकत होता आणि गाणारी कोणाच्या मर्जीवर नव्हती. आज आपण ज्या सभागृहाला 'दूरचं' म्हणून कंटाळतो, ते अनेक गायिकांसाठी सुटकेचं ठिकाण होतं.

मग परत घरात कशाला?

एक कारण घड्याळ आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि अनेक वर्षं रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला. सूट मिळते, पण ठरावीक दिवसांपुरती आणि मध्यरात्रीपर्यंतच. त्यामुळे मालकंस, दरबारीसारखे उत्तररात्री फुलणारे राग मंडपात आपल्या वेळेला क्वचितच ऐकू येतात. बंद खोलीत, माइकशिवाय ते गाता येतात. शेजाऱ्यांचा विचार मात्र करावाच लागतो, कारण रात्री खोलीबाहेर जाणाऱ्या आवाजालाही मर्यादा आहे. आणि तबला भिंतीतून सहज पलीकडे जातो.

दुसरं कारण ऐकण्याचं. मींड, खटका, दोन स्वरांमधली बारीक जागा हे सगळं स्पीकरमधून सपाट होतं. समोर बसलेल्या श्रोत्याची 'वाहवा' गायकाला त्याच क्षणी कळते आणि तो तीच जागा पुन्हा वेगळ्या वाटेने घेतो.

घरी मैफल ठेवायची तर

फ्लॅटचा हॉल म्हणजे दिवाणखाना नव्हे. फर्निचर बाहेर काढलं तर तीसेक माणसं मांडी घालून बसतात. वयस्करांसाठी भिंतीकडेला खुर्च्या लागतातच. वाद्यं लावायला अर्धा-पाऊण तास हवा: तंबोरे, मग हातोडीने तबला. गायिकेचा स्वर काळी चार, गायकाचा काळी एक असेल तर तबलाही वेगळा लागतो. पंखा आणि एसी शक्यतो बंद ठेवतात. आवाजाचा त्रास असतोच, शिवाय हवेतला ओलावा आणि तापमान बदललं की वाद्यांचा सूर हलतो.

बिदागीचं आधीच स्पष्ट बोलावं. 'घरचंच आहे' म्हणून ती कमी करायला सांगणं हा सर्वात जुना आणि सर्वात वाईट प्रघात. साथीदारांचं मानधन वेगळं धरावं. आणि मोबाइल: १९९४ पासून कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे. स्वतःपुरतं रेकॉर्डिंग चालतं, पण ते नेटवर टाकायला कलाकाराची संमती लागते. ती गाणं सुरू होण्याआधी विचारावी, भैरवी संपल्यावर नाही.