तेरच्या पुराणवस्तू, छायाचित्र आणि इतिहासाचे अध्यापन

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याचा व तेथून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, असे फ्लीट याने 1901 साली साधार मांडले. ते प्रतिपादन मुख्यतः शब्दांचे व अंतरांचे होते. ते डोळ्यांना दिसू लागले हेन्री कझिन्स याच्या कामामुळे. पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात त्याने तेरचे वर्णन चित्रांसह प्रसिद्ध केले.

त्यातील त्रिविक्रम मंदिराचे उदाहरण बोधप्रद आहे. मंदिरापुढचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला असल्याने समोरून पाहणाऱ्यास हे एखादे साधे देवालय वाटते. मागील बाजूस मात्र विटांची गजपृष्ठाकृती वास्तू स्पष्ट दिसते, आणि ती मुळात बौद्ध चैत्यगृह असावी हे कझिन्सचे मत तिच्यावरच उभे आहे. अर्थात केवळ दर्शनी बाजूचे छायाचित्र, ते कितीही रेखीव असले तरी, विद्यार्थ्याला मुख्य पुरावाच दाखवीत नाही.

पुढे तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरातून पुराणवस्तूंचा मोठा संग्रह जमविला. तेथील शासकीय संग्रहालय आज त्यांच्या नावाने आहे. डग्लस बॅरेट याचे तेरवरील पुस्तक 1960 साली मुंबईत प्रसिद्ध झाले. संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या मूर्तीशी होऊ लागली. पाँपेई इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्तीला कालाची निश्चित सीमा आहे. तेरच्या मूर्तीला तशी सीमा नाही, कारण ती थरबद्ध उत्खननातून आलेली नाही. भोकरदनच्या उत्खननातही तशाच धर्तीची हस्तिदंती मूर्ती मिळाल्यावर दख्खनचा पक्ष बळावला. तथापि पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. समोरून घेतलेल्या छायाचित्रात हे अक्षर येत नाही. अलंकार व केशरचना तेवढी येते, व साम्य वाजवीपेक्षा अधिक पटते.

आज संकेतस्थळांमुळे नेपल्स येथील मूर्ती आणि तेरची मूर्ती वर्गात शेजारी शेजारी ठेवता येतात. बॅरेटच्या वाचकांना ही सोय नव्हती. परंतु पडद्यावर मोजपट्टीवाचून बोटाएवढी व हातभर वस्तू सारखीच भासते. काळ्या मखमलीवरील झगझगीत प्रकाशात हस्तिदंताची झीजही लोपते. तेरच्या वस्तूंपैकी ज्या चापेकर यांच्या 1958 च्या उत्खननात विशिष्ट थरात मिळाल्या आणि ज्या शेतात, ओढ्याकाठी वेचल्या गेल्या, त्यांची प्रमाणमूल्ये भिन्न आहेत. संकेतस्थळावर दोन्ही एकाच चौकटीत, एकाच ‘सातवाहनकालीन’ या मथळ्याखाली मांडल्यास हा भेद पुसला जातो. मागची बाजू, बैठक, मोजपट्टी, प्राप्तिस्थान आणि ‘थर अज्ञात’ ही दोन शब्दांची नोंद, एवढे छायाचित्रासोबत असले म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यास बॅरेटच्या निष्कर्षांची फेरतपासणी स्वतः करता येते.